न तुटणारा स्ट्रीमर

मी मासे खात नाही. आमच्या घरात कोणीच खात नाही. तरी कोर्टातली कारकुनी संपल्यापासून दर रविवारी मी बुलढाण्याहून घाट उतरून तलावावर जातो, मरळ धरतो आणि सोडून देतो. "सोडूनच द्याची हाये तं धरता काऊन, भाऊ?" तलावाकाठी शेत असलेला निवृत्ती विचारायचा. मी हसण्यावारी न्यायचो. त्याला काय कळणार, असा माझा तोरा.

धरायचं ते स्ट्रीमरने. गळावर बोकडाचे लांब केस बांधायचे. पाण्यात ते बारक्या माशासारखे हलतात आणि मरळ झडप घालते. पण तिचे दात! दोन झडपांत केस गळायचे, दोरा उसवायचा, मासा सुटून जायचा. अख्खी संध्याकाळ खपून केलेली वस्तू अशी मातीत जावी? मी हट्टाला पेटलो. एक गळ पुढे, एक मागे, मध्ये पोलादी तार. प्रत्येक वेढ्यावर गोंद, वरून राळेचे तीन हात. माझी बायको शैलजा म्हणाली, "मुक्या जिवाशी एवढी कसली ईर्षा?" तिलाही मी उडवून लावलं.

त्या रविवारी पिलांचा लालसर घोळका पाण्यावर आला होता. खाली राखणीला मरळ असते, हे मला ठाऊक होतं. पिलांजवळ काही हललं की ती चवताळून येते, हेही ठाऊक होतं. म्हणूनच गळ तिथे टाकला. ती आली आणि एका हिसक्यात दोरी तोडून स्ट्रीमरसकट गेली. मला हळहळ वाटली ती स्ट्रीमरची. खरं तेच सांगतो.

पुढच्या रविवारी निवृत्ती काठावरच उभा होता. "भाऊ, तुमची मरळ पाहा."

पिलं तिथेच होती आणि त्यांच्याखाली ती. डोकं तेवढं मोठं, अंग वाळून गेलेलं. पळालीसुद्धा नाही, मी हातांनी उचलली. पुढचा गळ वरच्या जबड्यात, मागचा खालच्या, मधली तार ताठ. आठ दिवस तिला तोंड उघडून काही खाता आलं नव्हतं.

मी कात्री चालवली. राळ फुटेना, तार तुटेना, एक केस सुटेना. एवढं चोख काम मी जन्मात दुसरं केलं नव्हतं. निवृत्ती पक्कड आणायला शेतात पळाला. तो येईपर्यंत ती माझ्या हातातच गेली.

"पिलं तर दोघं मिळून राखतात. हिच्या जोडीची कुठाय?" मी विचारलं.

"ते तं मागंच जाळ्यात गेली. हे एकलीच राखून राह्यली होती."

तेवढ्यात बगळे उतरले. मी चपलांसकट पाण्यात शिरलो, हात हलवून त्यांना हाकलू लागलो. इकडचे उडाले की तिकडे उतरत. ऊन डोक्यावर येईस्तोवर मी ओरडत होतो, रडत होतो. तो लालसर घोळका विरळ होत गेला आणि मग दिसेनासा झाला. तरी मी हात हलवतच होतो.

निवृत्तीने पाण्यात येऊन माझं मनगट धरलं.

"चाला भाऊ," तो म्हणाला. "आता राखाचं काईच राह्यलं नाई."