धाकू मास्तरचा नारळ

मेहुलची बोट वादळात सापडून दोन दिवस झाले होते आणि मोबाईल लागत नव्हता. तारापूरच्या किनाऱ्यावर त्याची आजी हंसा नारळ घेऊन उभी होती.

"टाक गो आता," शेजारीण जनी म्हणाली. "नारळी पुनवेला तुमच्या घरचा नारळ कदी दर्याला गेला नाय. आता तरी पणज्याचा हट्ट सोड."

हंसाचा पणजा धाकू मास्तर दीडशे वर्षांपूर्वी उपड्या होडीवर उभा राहून भाषणं करायचा. "देव हाय का नाय, मला ठाव नाय. ज्याला ठाव हाय, त्याला इचारा, कसं कळलं?" लोक दगड मारायचे आणि पुन्हा ऐकायलाही यायचे. त्याचा थोरला मुलगा वादळात अडकला, तेव्हा मास्तर दर्याला नारळ देतो का, हे बघायला गाव जमला. मास्तरने नारळ फोडून किनाऱ्यावर वाट बघत उपाशी बसलेल्या बायकांना वाटला. मुलगा परतला नाही.

त्या 'ठाव नाय'ची हंसाला जन्मभर ऐट होती. आज त्याचीच तिला भीती वाटत होती. ठाऊक नाही, म्हणजे दर्या ऐकतही असेल.

तिने हात उगारला आणि मागे पाहिलं. मेहुलची बायको हेमाली वाळूत बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

हंसाने नारळ दगडावर आपटला.

"खा, पोरी."

"आन् तो नाय आला तर?" जनीने विचारलं.

"ठाव नाय," हंसा म्हणाली. स्वतःचा तुकडा मात्र तिने खाल्ला नाही; दर्याकडे बघत मुठीत धरून ठेवला.