गुलालाची गाडी

बालमित्रांनो, मी एक जुनी, पांढरी गाडी आहे. तुम्ही ज्याला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणता, त्यातली. म्हणजे धड मोठी नाही आणि धड लहान नाही. तोरा मोठ्या गाडीचा, पोट लहान गाडीचं. शिरूरच्या बाहेर हमरस्त्याला लागून जुन्या गाड्या विकणाऱ्याचं एक पटांगण आहे, तिथं मी सध्या उभी आहे. मला नुकतंच धुतलंय, टायरांना काळं फासलंय आणि आत मोगऱ्याचा फवारा मारलाय. लोक येतात, माझ्याभोवती दोन चकरा मारतात, बॉनेटवर थाप देतात आणि विचारतात, "रोजच्या वापराला कशी राहील?" याचं खरं उत्तर इथं फक्त मला ठाऊक आहे, आणि मला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यातला. माझ्यासारख्या कितीतरी जणी एका रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्यांना वाटत होतं की आपल्यालाच चांगलं घर मिळणार. मला दौंड तालुक्यातल्या एका गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी नेलं. घर चांगलं होतं, पण माणसांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पाच माणसांची मी, माझ्यात आठ-आठ कार्यकर्ते कोंबायचे. तंबाखूच्या पिचकाऱ्या दारावर. तक्रार नाही करत. पुढाऱ्याची गाडी झाली की असंच असतं, आणि तेव्हा मला त्यात थोडी ऐटही वाटायची.

मग निवडणूक आली. साहेब पुन्हा निवडून आले. मिरवणुकीत त्यांचा मुलगा सत्यजीत मला चालवत होता. बाहेर गुलालाची पोती रिकामी होत होती आणि आत एसीचा पंखा पूर्ण जोरात. तो सगळा गुलाल मी छातीत ओढून घेतला. मिरवणूक संपल्यावर सत्यजीत मला कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यानं घरी नेत होता. त्याला धड रस्ता दिसत नव्हता, का ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात. मी कॅनॉलमध्ये गेले. तो पोहून बाहेर आला. मी स्टिअरिंगपर्यंत पाण्यात, सकाळी क्रेन येईपर्यंत.

विम्याला कळवलं असतं, कंपनीच्या वर्कशॉपला नेलं असतं, तर माझी खरी दुखापत कुठंतरी नोंदली गेली असती. पण निवडून आल्याच्या दिवशी चेअरमनचा पोरगा कॅनॉलात गेला, ही गोष्ट बाहेर फुटून कसं चालेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ताडपत्रीखाली ओढत एका शेडमध्ये नेलं, सीट उन्हात वाळवल्या, इंजिन कसंबसं चालू केलं आणि वरवंडला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या पप्पूशेठच्या हवाली केलं. वरून मी पुन्हा पांढरीशुभ्र झाले. आत वायरींना गंज चढत होता, आणि सीटबेल्टची गुंडाळी जिथं लपते तिथं, अगदी शेवटच्या वीतभर भागावर, कॅनॉलच्या गाळाची आणि गुलालाची एक रेघ वाळून बसली होती.

तिथं मला राहू गावचे हौसराव आबा पाहायला आले. सोबत त्यांची बायको पुतळाबाई, सून अनुपमा आणि शेजारचा सिद्दीक. मुलगा विश्वजीत सैन्यात, लांब कुठंतरी सरहद्दीवर. सिद्दीक दुधाचा टेम्पो चालवायचा आणि आबांच्या घरचं अडलंनडलं त्याच्यावाचून व्हायचं नाही. गाडी कशाला हवी होती, तर पुतळाबाईंची मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीन वेळा दौंडला डायलिसिसला न्यावं लागायचं. अनुपमा नदीपलीकडे रांजणगावच्या कारखान्यात कामाला होती. सकाळी सासूला दौंडला न्यायचं, आणून सोडायचं आणि दुपारच्या पाळीला पूल ओलांडून शिरूर तालुक्यात जायचं, असा तिचा बेत होता. एका गाडीवर दोन तालुके आणि एक जीव अवलंबून होता.

मित्रांनो, त्या माणसांनी मला मनापासून पाहिलं, हे मला सांगितलंच पाहिजे. आबांनी ॲव्हरेज विचारलं नाही की टायर पाहिले नाहीत. त्यांनी फक्त पुतळाबाईंना पुढच्या सीटवर बसवून पाहिलं. त्या पाठमोऱ्या झाल्या आणि पाय न उचलता अलगद टेकल्या.

"चढाया बी नको आन् वाकाया बी नको," त्या म्हणाल्या. "पलंगावर टेकल्यावानी हाय बगा."

आबांचा चेहरा असा उजळला की माझं काळीजच हललं. मला वाटलं, हीच माणसं मला हवी होती, आणि ह्यांच्याच पदरी मी पडायला नको.

अनुपमा हुशार होती. तिनं मला पटांगणातल्या खड्ड्यांतून नेलं, अरुंद जागेत मागं घेतलं, ब्रेक दाबून पाहिला. मोबाइलवर पाहून आली होती ती. मग पुतळाबाईंच्या दाराशी उभी राहून तिनं त्यांचा सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. "भिजलेली गाडी असली तर पट्ट्याच्या शेवटाला कळतं म्हणं," ती सासूला म्हणाली. पट्टा निम्मा बाहेर आला. निम्म्याहून जास्त आला. आयुष्यात मी एवढी आशा कधी केली नव्हती. ओढ बाई, आणखी वीतभर ओढ, असं मी मनात म्हणत होते.

"ताई, एसी बगा की आधी," पप्पूशेठ म्हणाला आणि त्यानं हात घालून पंखा पूर्ण जोरात सोडला.

माझ्या छातीत वाळून बसलेला गुलाल फस्सकन बाहेर आला. पुतळाबाईंच्या मांडीवर, हातांवर, कपाळावर. गाडीच्या पोटातून असा गुलाल का निघावा, हे कुणी विचारायला हवं होतं. पण आमच्या मुलखात गुलाल पाहिल्यावर प्रश्न विचारायची रीत नाही, कपाळाला लावायची रीत आहे.

पप्पूशेठ पक्का बेरकी. "चेअरमनसायबांची गाडी हाय आबा. ह्या गाडीत बसून निवडून आले ते. इजयाचा गुलाल अजून सुटला न्हाई बगा तिचा."

आबांनी डोळे मिटून हात जोडले. "लक्षुमी आपसूक कपाळाला गुलाल लावती, आजून काय पायजे?"

अनुपमा हसली. तिच्या हातातून पट्टा सुटला आणि सर्रकन आत गेला.

एकट्या सिद्दीकला काहीतरी खटकलं होतं. तो मागच्या सीटपाशी वाकून वास घेत होता. त्यानं मॅटचा कोपरा धरला, उचलला आणि म्हणाला, "आबा, जरा इकडं..."

पण आबा तोवर नारळ घेऊन पुढं आले होते. त्यांनी तो सिद्दीकच्याच हातात दिला. "तू फोड. घरचा हाईस. तुज्या हाताला यश हाय."

मित्रांनो, तुमच्या हातात कुणी मानाचा नारळ दिला, तर तुम्ही काय बोलाल? सिद्दीकनं मॅट खाली ठेवली. शुभ कामाला नाट लावायचा नाही, हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. नारळ एका फटक्यात फुटला आणि सगळे म्हणाले की शकुन चांगला झाला.

पुढचे काही महिने मी सुखात होते, हे खोटं नाही. अनुपमा मला हळू चालवायची. पुतळाबाई डायलिसिसहून दमून येताना माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवायच्या आणि पुटपुटायच्या, "ने गं बाई नीट." माझ्याशी इतक्या मायेनं आजवर कुणी बोललं नव्हतं. रोज मी ठरवायची की हिला काही होऊ द्यायचं नाही. पण गंज माझं ऐकत नव्हता.

आधी हॉर्न गेला. मग एक काच खाली जाईना. मग दिवे आपोआप लागू लागले. दर वेळी गॅरेजवाला एखादा फ्यूज बदलायचा आणि आता बघायला नको म्हणायचा. पुतळाबाईंचा सीटबेल्ट उघडायला जड जाऊ लागला. त्या हसून म्हणायच्या, "मला सोडवत न्हाई वाटतं हिला."

मग एका सकाळी मी चालूच झाले नाही. ऊसतोडणीचे दिवस, भाड्याच्या सगळ्या जीपा साखर कारखान्याच्या कामात. सिद्दीक टेम्पो घेऊन लांब गेलेला. त्या दिवशीचं डायलिसिस बुडालं. पुतळाबाई म्हणाल्या की एका पाळीनं काही होत नाही. पुढच्या पाळीपर्यंत त्यांचे पाय सुजले आणि त्यांना आडवं झोपता येईना. गॅरेजवाल्यानं मला पुन्हा चालू करून दिलं होतं. आबांनी त्यांना उचलूनच माझ्यात बसवलं. त्यांना धाप लागली होती. त्यांचा हात डॅशबोर्डवर होता, पण त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.

चौफुल्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना ऊस, तिथं माझे सगळे दिवे एकदम पेटले आणि मी मेले. अनुपमानं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. पण नुसत्या प्रयत्नानं गाडी चालत नाही. आबांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, अनुपमानं सिद्दीकला. सिद्दीक जवळच पाटसच्या बाजूला होता, तो आधी पोचला.

पुतळाबाईंना बाहेर काढायला गेले तर सीटबेल्टची कडी उघडेना. ती आतून गंजली होती. आबा लाल बटण दाबत होते, दाबत होते, आणि म्हणत होते, "सोड, सोड की तिला." ते कुणाला म्हणत होते ते मला कळत होतं. शेवटी अनुपमानं पट्टाच ओढला. दोन्ही हातांनी ओढला, सासूला खालून सरकवता यावं म्हणून, अगदी शेवटपर्यंत. तेव्हा ती वीत बाहेर आली. कॅनॉलच्या गाळाची पिवळी रेघ, तिच्यावर गुलालाचा काळपट डाग. पुतळाबाईंच्या हिरव्या पदरावर तो तसाच उमटला. अनुपमानं तो पाहिला. सिद्दीकनं पाहिला. त्यांनी म्हातारीला टेम्पोत दुधाच्या कॅनांमध्ये निजवलं आणि गेले.

मी रस्त्याच्या कडेला दार सताड उघडं टाकून उभी राहिले. पट्टा आत गेला नाही, तसाच लोंबत राहिला. उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या. बऱ्याच वेळानं सिद्दीक दोरखंड घेऊन मला ओढून न्यायला आला, एकटाच. तो पुढच्या सीटवर बसला, त्यानं तो पट्टा मुठीत धरला आणि तो रडायला लागला.

"मला वास आला हुता," तो म्हणाला. "पाण्याचा वास. तवाच आला हुता. नारळ हातात दिला आन् मी गप बसलो."

दौंड येण्याआधीच पुतळाबाई गेल्या होत्या. त्यांच्या शेवटच्या वाटेवर गुलाल उधळला, तोही मी अंगणातून पाहिला.

आबांनी मला शिव्या दिल्या नाहीत. पप्पूशेठकडेही गेले नाहीत. म्हणाले, जाऊन ती थोडीच येणार आहे? अंगणात मी महिनोन् महिने उभी राहिले, माझ्याकडे पाठ करून ते बसायचे. पप्पूशेठचा निरोप आला की गाडी परत द्या, विकून टाकू. तेव्हा मात्र ते ताडकन बोलले, "दुसऱ्याच्या दारात हे दुखणं न्हाई जाणार. तोडा तिला."

मला तेच हवं होतं. माझे तुकडे व्हावेत, वितळून जावं, म्हणजे माझ्या हातून आणखी कुणाचं वाईट होणार नाही. दौंडच्या भंगारवाल्यानं मला आबांसमोर ओढून नेलं आणि तोडतो म्हणून शब्द दिला. नंतर त्यानं माझा पांढरा रंग पाहिला, दारं आपटून पाहिली आणि त्याच्या मनात आलं की एवढी देखणी गाडी तोडायची म्हणजे वेडेपणा. नवी बॅटरी आली, नवी कडी बसली, थोड्या वायरी बदलल्या. पट्टा मात्र कुणी बदलला नाही. तो गुंडाळून आत गेला की दिसत नाही. अशी मी नदी ओलांडून शिरूरला आले. चांगल्या माणसाचा शेवटचा शब्दही इथं चालत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

म्हणून, मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या घरात कधी जुनी गाडी घ्यायची झाली, तर मोठ्यांच्या आधी तुम्ही आत शिरा. मॅट उचला, वास घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. कुणी नाट लावतो म्हणालं तर म्हणू द्या. नारळ फोडायला नंतरही वेळ असतो.

आत्ता या क्षणी एक जोडपं मला पाहायला आलंय. तो रांजणगावला कुठल्याशा कंपनीत आहे. ती पोटुशी आहे, पुढच्या सीटवर पाय न उचलता अलगद टेकली आहे. "बरी हाय की ओ उंची," ती नवऱ्याला म्हणते आहे. तिनं पट्टा धरला आहे आणि पोटावरून बसतो का ते पाहायला ओढते आहे. निम्मा आला. निम्म्याहून जास्त आला.

"वैनी, एसी बघा की आधी," पटांगणाचा मालक म्हणाला.

तिच्या हातातून पट्टा सुटला आणि सर्रकन आत गेला.