चालत्या माणसाची व्हीलचेअर

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. आधीच सांगून ठेवते, माझं उजवं चाक कुरकुरतं आणि माझा स्वभावही तसाच आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा, मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या वाकवल्या, जोडल्या, त्यांवर चकचकीत मुलामा चढवला आणि निळं रेक्झिन ताणून बसवलं. तिथून मी थेट एका मोठ्या इस्पितळाच्या दारात जाऊन उभी राहिले. ती माझी उमेदीची वर्षं. पाय मोडलेले, चक्कर येऊन पडलेले, बाळाला कुशीत घेऊन घरी निघालेल्या, सगळ्यांना मी नेलं. वॉर्डबॉय म्हणायचे, "हिच्यासारखी हलकी खुर्ची दुसरी नाही." पुढे नव्या खुर्च्या आल्या. मग त्याच वॉर्डबॉयनी मला जिन्याखाली ढकललं आणि माझ्या मांडीवर फिनेलचे डबे रचले. शेवटी जुन्या सामानाच्या दुकानात माझी रवानगी झाली, आणि तिथून थोरलीनं मला आपल्या घरी आणलं.

थोरली म्हणजे लिफ्टमिस्त्रींची मुलगी. धाकटी लांब राहते आणि फोनवर रडते. करायचं-सवरायचं सगळं थोरलीच्या गळ्यात. तिची नोकरी फोनवरच्या तक्रारी ऐकण्याची. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, उत्तरं द्यायची, आणि घरी येऊन वडिलांचं बघायचं.

मिस्त्रींनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, पण स्वतः मात्र जिन्यानं चढायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आतलं काय काय बघितलंय मी!" मग त्यांना खोकला लागला आणि तो जाता जाईना. तपासण्या झाल्या. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सलाईनमधून औषध दिलं, काही महिने बरे गेले, पण गाठ पुन्हा डोकं वर काढू लागली.

तेव्हा मी घरात आले. थोरलीनं माझ्यावर मऊ उशी टाकली आणि बजावलं, "बाबा, आता उठायचं नाही. काय हवं ते मला सांगायचं. संडासला जायचं तरी खुर्चीतून."

"बरं बाई," मिस्त्री म्हणाले.

आता खरं काय व्हायचं ते ऐका. थोरली कामावर गेली की मिस्त्री पलंगावरून उतरायचे. धुतलेल्या कपड्यांची बादली माझ्यावर ठेवायचे आणि मला ढकलत गॅलरीत न्यायचे. मी त्यांना नव्हे, तेच मला फिरवत होते! कपडे वाळत घालायचे, आंघोळ करायचे, भांडी विसळायचे. मग धापा टाकत का होईना, पण एकेक पायरी उतरून खालच्या शिंप्याकडे पत्ते कुटायला जायचे. थोरली यायच्या वेळेला परत पलंगावर, गळ्यापर्यंत चादर.

"कपडे कुणी वाळत घातले?"

"शिंपी आला होता."

शिंप्याच्या नावावर काय काय खपलं त्या घरात! मला मनातून हसू यायचं. पोरीची बोलणी नकोत आणि तिचा जीवही टांगणीला लागायला नको, एवढाच त्यांचा हिशेब होता.

एक दिवस थोरली धावतच घरी आली. इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती, अगदी मिस्त्रींच्याच आजारासाठी. ज्यांना चाचणीत घेतील त्यांनाच ते औषध मिळणार होतं, आणि जुन्या औषधांत आता काही राम उरला नव्हता. म्हणजे ही चाचणी हाच एक धागा होता. मिस्त्री म्हणाले, "चल, बघू तरी." त्या रात्री दोघंही नीट जेवले नाहीत.

मग इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक वेळी मिस्त्री माझ्यात आणि मागे थोरली. गाठीचा तुकडा तपासला. ज्या जनुकातल्या बदलावर हे नवं औषध चालतं, तो बदल त्यात सापडला. लिव्हर, किडनी, रक्त ठीक निघालं. मेंदूचा फोटो स्वच्छ आला. दर वेळी थोरली माझ्या मुठी अशी घट्ट धरायची की रबर गरम व्हायचं.

शेवटी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो. बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, घरी दिवस कसा जातो? किती वेळ आडवे असता?"

मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आत थोरली बोलली. "मी काही करूच देत नाही हो त्यांना! पाण्याचा पेलासुद्धा हातात देते. दिवसभर झोपून असतात. आंघोळ, कपडे, सगळं मी बघते." किती अभिमानानं सांगत होती! वडिलांची सेवा नीट होतेय, हे डॉक्टरांना कळलं तर ते नक्की घेतील, अशी भाबडी समजूत तिची.

बाईंचा पेन थांबला. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही सांगा."

मिस्त्रींनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस कसेबसे बांधलेले. चारचौघांत तिला खोटं कसं पाडायचं?

"ती म्हणते तसंच," ते म्हणाले.

अरे देवा! मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. मी नुसती कुरकुरले, आणि थोरली म्हणाली, "ह्या चाकाला तेल घालायला हवं."

चार दिवसांनी फोन आला. तब्येत नियमात बसत नाही, चाचणीत घेता येणार नाही. थोरलीनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं. काय अडलं, हे दोघांनीही विचारलं नाही.

काही आठवडे गेले. एके दिवशी थोरली दुपारीच घरी आली, तर मिस्त्री गॅलरीत उभे, खांद्यावर ओली चादर आणि माझ्यावर बादली.

"बाबा! तुम्ही चालताय?"

"रोजच चालतो," मिस्त्री ओशाळून म्हणाले. "तू रागावशील म्हणून..."

थोरली आधी हसली. मग हसता हसता तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं तिथूनच इस्पितळात फोन लावला आणि सिस्टरनी तिला सगळं समजावून सांगितलं. औषध नवीन असतं, त्याचा त्रास किती होईल कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून जो हिंडता-फिरता आहे, आपलं आपण करतो, त्यालाच घेतात. जो दिवसभर अंथरुणात असतो त्याला तो त्रास झेपत नाही. "तुम्हीच तर सांगितलंत, ते झोपून असतात म्हणून," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी ते इस्पितळात गेले. मला घडी घालून बरोबर नेलं होतं, पण दाराशीच ठेवलं. मिस्त्री तो लांबलचक व्हरांडा स्वतःच्या पायांनी चालून गेले. धाप लागली, पण थांबले नाहीत. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आधी त्यांचा चेहरा उजळला, मग उतरला.

"शेवटची जागा गेल्या आठवड्यात भरली," त्या म्हणाल्या. "मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. दुसरी चाचणी सुरू झाली की लगेच कळवते."

मिस्त्री म्हणाले, "असू द्या. लिफ्ट भरली की दुसरीची वाट बघायची. येते."

नाही आली. हिवाळ्यात त्यांचा श्वास आखडत गेला आणि मग ते खरोखरच माझ्यात बसले. हलके झाले होते. ओल्या कपड्यांची बादली त्यांच्यापेक्षा जड वाटायची. थोरली पाण्याचा पेला पुढे करायची आणि आता तो त्यांच्या हातातून सुटायचा. एकदा ती त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलायचं होतंत ना!" मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला दम उरला नव्हता.

ते गेले, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक बाई मला न्यायला आली. कुणाला हवी असेल तर खुर्ची घेऊन जा, असं थोरलीनंच सांगून ठेवलं होतं.

"आईसाठी हवीय," बाई म्हणाली. "तिला चालता येतं तसं, पण आम्ही चालू देत नाही. जपतो अगदी."

थोरलीनं माझ्या मुठी पकडल्या. "त्यांना घेऊन या. त्या स्वतः म्हणाल्या तर देईन."

"काय बाई एकेक तऱ्हा!" असं पुटपुटत ती बाई जिना उतरली. पुन्हा आली नाही.

म्हणून मी अजून गॅलरीत उभी आहे. रेक्झिन फाटलंय, गंज चढलाय, कुणी तेल घालत नाही. मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याची सेवा जरूर करा, पण डॉक्टरांनी त्याला विचारलं की तुम्ही तोंड मिटून बसा, त्याला कितीही वेळ लागला तरी. आणि त्याचे पाय चालतायत तोवर मला बोलावण्याची घाई करू नका.