भिंतीपलीकडची हजेरी

"पोरी, ती वरची जाळी बुजवू नकोस. गॅसचा गिझर हवा खातो. कोंडलं की तिचं विष होतं," शेजारचे मास्तर दारातूनच म्हणाले.

तिने मान डोलावली, दार लावलं आणि स्टुलावर चढून बाथरूमच्या जाळीत जुना टॉवेल आणखी घट्ट कोंबला. गार वारा तान्ह्या लेकीला लागता कामा नये. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासणारी आई ती. तिला कुणी काळजी शिकवायची?

आणि मास्तरांचं मनावर घ्यायचं तरी किती? दिवसा शाळेत भूमिती, संध्याकाळी हमालांचा साक्षरता वर्ग, आणि महिन्यातून एकदा काळा कोट, पांढरे हातमोजे घालून फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुमंडळाच्या सभेला, त्यांच्या लॉजमध्ये. बोटातल्या अंगठीवर त्याच मंडळाची खूण, गुण्या आणि कंपास. भूमिती शिकवतात म्हणून असेल, असंच तिला कितीतरी दिवस वाटत होतं.

"दारं लावून काय करता हो तिथं?" समोरच्या शिवणकामवाल्या काकूंनी एकदा त्यांना जिन्यात गाठलंच.

"मला काय विचारता? मी कायम दाराबाहेर. दार राखायचं, कुणी आलं की ठोके द्यायचे."

"म्हणजे शिपाई!"

"शिपाईच की. पण चहा आयता मिळतो."

तिचा नवरा फिरतीवर असला की मास्तर सकाळी शाळेला निघताना स्वयंपाकघरांमधल्या सामाईक भिंतीवर अंगठीने तीन ठोके द्यायचे. तिने चमच्याने उलट तीन द्यायचे. "हजेरी घेतो," ते म्हणत. बाळ दचकतं म्हणून तिला राग यायचा. पण उत्तर दिलं नाही, तर मास्तर दारात उभे.

त्या सकाळी डोकं जड होतं. झोप पुरत नाही, दुसरं काय, म्हणत तिने गिझर लावून बाळाची अंघोळ उरकायला घेतली, बाथरूमचं दार लोटून घेतलं. ठोके ऐकू आले. पण चमचा स्वयंपाकघरात होता आणि पाय दुसऱ्याच कुणाचे झाले होते. बाळाला पोटाशी धरून ती फरशीवर बसली.

पुन्हा ठोके. मग काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा ती जिन्यात होती, अंगाखाली मास्तरांचा काळा कोट. तिच्या दाराची कडी मोडून लोंबत होती. काकू बाळाला उभं धरून "रड गं माझे बाई, रड," म्हणत होत्या, आणि बाळाने इमारत डोक्यावर घेतली होती.

दवाखान्यातून परतल्यावर ती लेकीला घेऊन मास्तरांकडे गेली. काय बोलायचं ते जिन्यात जुळवलं होतं. पण दार उघडताच तिने लेकीलाच त्यांच्या हातांत दिलं.

"मी नुसती विसरले असते वाजवायला, तर?" तिने शेवटी विचारलं.

"तर नवी कडी बसवून दिली असती."

बाळाने त्यांचं अंगठीचं बोट मुठीत धरलं. भिंतीवरच्या बायकोच्या हार घातलेल्या फोटोकडे न बघता ते म्हणाले, "लॉजचं दार इतकी वर्षं राखलं, पोरी. एका संध्याकाळी घरात हिने हाका मारल्या असतील. तेव्हाही मी तिथंच उभा होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तिचा चमचा वाजला. भिंतीपलीकडून आवाज आला, "हजर, बाई!"

लेक धावायला लागली, मास्तर निवृत्त झाले, तरी हा क्रम चुकला नाही. मग नवऱ्याची बदली झाली. नव्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे नुसती मोकळी गच्ची आहे. सकाळी चमचा हातात आला की ती अजूनही थबकते. मास्तर फोनवर ठणठणीत असतात. फोनवर काय, सगळेच ठणठणीत असतात.

त्या जुन्या जागेत आता कोण राहतं, तिला ठाऊक नाही. ते तुम्ही असाल, तर एवढं करा. बाथरूमची जाळी उघडी ठेवा. आणि सकाळी चमच्याने भिंतीवर तीन ठोके द्या, जरा जोरात. मास्तरांना हल्ली कमी ऐकू येतं. पलीकडून 'हजर' आलं नाही, तर गॅसवर काय ठेवलंय ते बघत बसू नका. त्यांच्या दाराची कडी मोडली तरी चालेल. ती नवी बसवून देईल.