लाईन नंबर तीन

"न्हाय येत पाणी. मी न्हाय सही करणार," म्हणत मीनाबाईनं 'सगळ्या गावाला पाणी मिळतं' असं लिहिलेला कागद टेबलावर परत सरकवला.

ग्रामसेवकांनी कॉम्प्युटरकडं बोट केलं. "आवो, हे बघा की. टाकी भरल्याली, सगळं हिरवं. सेन्सर काय खोटं बोलतोय व्हय? उद्या साहेब तपासणीला यायचंत."

"टाकी भरल्याली हाय म्हणूनच म्हणतो मी, भाऊसाहेब. पाणी समद्यास्नी गेलं असतं तर टाकी एवढी भरल्याली ऱ्हायली असती व्हय?"

मुरगूडजवळच्या या गावात मीनाबाई एकोणीस वर्षं नळाचं पाणी सोडत होती. सेन्सर बसवणाऱ्या कोल्हापूरच्या कंपनीची सोनम लॅपटॉप घेऊन समोरच बसली होती.

"मावशी, तिसऱ्या लाईनीवर दाब शून्यच आहे," ती म्हणाली. "पण इथं कुणीतरी तिला 'राखीव', म्हणजे वापरात नसलेली, असं लिहून ठेवलंय. मग कॉम्प्युटरला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याला नुसता आकडा कळतो. तो कशाचा, त्याच्या पुढं कोण राहतं, ते आपण सांगावं लागतं."

"मग चल, सांगतो."

दोघी पाईपाच्या कडेनं निघाल्या. मीनाबाई सांगत गेली, सोनम लिहीत गेली. पहिला फाटा गावठाणाला, दुसरा माळावरच्या वस्तीला. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह नऊ दिवस जाम होता, मीनाबाईनं दोन अर्ज दिले होते. त्याच्या पुढं सिद्धार्थनगर, बेचाळीस घरं. त्यातलं एक तिचं. वाटेत म्हातारी धोंडुबाई लांबच्या बोअरवरून घागर आणताना भेटली. सोनमकडं बघून म्हणाली, "नळ बघाय आलाय व्हय पावणं? बघा, कोरडा ठणठणीत हाय."

परत येऊन सोनमनं सगळं जोडायला घेतलं. हा सेन्सर या व्हॉल्व्हचा, हा व्हॉल्व्ह या लाईनीचा, ही लाईन या घरांची. इथं शून्य आलं, की या घरांना पाणी नाही.

"वस्तीचं नाव कशाला? लाईन नंबर तीन असू दे," ग्रामसेवक म्हणाले. "तुमची गल्ली म्हणून लई जोर चाललाय, मीनाबाई."

"व्हय, माझीच गल्ली! गावठाणाला नाव हाय, माळाला नाव हाय. आमालाच तेवढा नंबर का? लिही पोरी, सिद्धार्थनगर."

सोनमनं लिहिलं. हिरव्या पडद्यावर एक लाल ओळ उमटली : सिद्धार्थनगर, बेचाळीस घरं, नऊ दिवस पाणी नाही.

"माहिती कुणी दिली, तेही नोंदवावं लागतं," सोनम हळूच म्हणाली. "नुसतं 'कर्मचारी' लिहू?"

मीनाबाईची नेमणूक दरसाल याच टेबलावर नवी व्हायची. तिनं ग्रामसेवकांकडं सरळ बघितलं.

"मीनाबाई प्रल्हाद कांबळे. पुरं लिही."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या साहेबांनी ती लाल ओळ बघितली, आणि दोन दिवसांत नवा व्हॉल्व्ह बसला. महिना संपताना मात्र मीनाबाईला सांगण्यात आलं, उद्यापासून पाणी सोडायला तिच्या जागी जोतीराम येईल. तिनं कारण विचारलं नाही. जोतीरामला टाकीवर नेलं, तिन्ही फाटे दाखवले, "तिसरा सावकाश फिरव, नवा हाय," एवढं बजावलं आणि घरी आली.

सकाळी नळ फुरफुरला. आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ धार. एकोणीस वर्षांत पाणी आलं तेव्हा मीनाबाई पहिल्यांदाच घरी होती. तिनं घागर लावली, आणि काठोकाठ भरेपर्यंत तिच्याजवळ उभी राहिली.