घाटवीर

तिसऱ्या वळणावर घाटवीर खाली उतरला आणि सायकल ढकलू लागला. हे नाव त्याला कचेरीने ठेवलेलं. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून थोडे म्हातारे. चौतीस वर्षं आवक-जावक टेबलावर शिक्के मारण्यात गेली. वीरपणाचं म्हणाल तर खुर्चीतून उठतानाही तो टेबलाचा आधार घेई. पण गेल्या आठवड्यात निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी तो जुना किस्सा सांगितला, टाळ्या पडल्या आणि सगळ्यांनी मिळून त्याला नवी कोरी सायकल भेट दिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किस्सा असा. एकतीस वर्षांपूर्वी वडील, अण्णा, अत्यवस्थ झाले. ‘ताईला आणा,’ एवढंच म्हणत होते. बसचा संप होता आणि ताईचं घर घाटापलीकडे, पासष्ट किलोमीटरवर. धाकटा भाऊ पहाटे सायकल घेऊन एकटा निघाला, घाट चढला, उतरला, ताईला जीपने घेऊन आला. पण वडील दीड तास आधीच गेले होते. पोराने जिवाचं रान केलं, असं सगळे म्हणाले. पुढे सांगणाऱ्यांनी पदरचं घातलं. कुणी पंक्चर घातलं, कुणी बिबट्या. दर दोन-चार वर्षांनी घाटही थोडा लांबत गेला.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं. घाटाच्या पायथ्याशी एक तळं आहे. आज सकाळी तो तिथूनच आला होता. पाण्यावर धुकं, उथळात उभे बगळे, काठाने पिवळी रानफुलं. त्या दिवशीही सगळं असंच देखणं होतं. नऊ वाजता, पाच मिनिटं टेकू म्हणून तो झाडाखाली आडवा झाला आणि जागा झाला तो एक वाजता. मग हातपाय गाळून एका ट्रकला हात केला, सायकल मागे टाकली आणि ताईच्या गावाबाहेर उतरला. “सायकलवर आलास एवढा?” ताईने विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. खोटं बोलला ते एवढंच. बाकीचं लोकांनी सांगितलं आणि तो ऐकत बसला. ऐकताना चेहरा नम्र ठेवायचा, हेही त्याला जमायला लागलं होतं. आज त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

आज तळ्यावर तो उतरला नाही. माथ्यावर पाणी प्यायला आणि उतार लागल्यावर दोन्ही ब्रेक असे आवळून धरले की बोटं बधिर झाली. खाली दरीभर ऊन पडलं होतं, पण त्याने मान वर केली नाही.

भाऊजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. ताई त्याला बघून आधी घाबरली, मग रागावली आणि पाणी तापवायला आत गेली. भाऊजींनी सायकल उलटी केली आणि ब्रेकच्या रबरावरून अंगठा फिरवला.

“नवी ना? एका उतारात बरीच खाल्लीस की.”

“सोडलाच नाही ब्रेक.”

“हं. त्या घाटात झिजतातच.” त्यांनी पाना शोधला. “तेव्हा तुझी सायकल महिनाभर इथे पडून होती. रबरं मीच घालून दिली होती, आदल्या आठवड्यात तुमच्याकडे आलो होतो तेव्हा. तशीच कोरी होती.”

त्याचे कान तापले. त्याने विचारलं, “ताईला बोलला नाहीत?”

“ते तुझं होतं.”

ताई गरम पाण्याचा टब घेऊन आली. त्याचे पाय पाण्यात सोडून ती समोर खाली बसली आणि म्हणाली, एकदा केलंस ते पुरे नव्हतं का, माझ्या नातवंडांनासुद्धा पाठ आहे ती गोष्ट. तेव्हा त्याने सांगितलं. तळं, झाड, एक वाजता, ट्रक. टबाकडे बघत, भराभर, आवक वहीतल्या नोंदी वाचाव्यात तसं.

ताईचा हात त्याच्या घोट्यावर होता, तो तिथेच राहिला.

“आज थांबलास तिथे?”

“नाही.”

ती पाण्याकडे बघत होती. “शेवटी दारावर नजर होती म्हणे अण्णांची.” मग अगदी साध्या आवाजात, “झोप लागली होती का रे चांगली?”

त्याला ‘हो’ म्हणावं लागलं. ते खरं होतं.

ताईने हात पदराला पुसला, उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाजही आला नाही. भाऊजींनी झिजलेली रबरं काढून नवी बसवली, चाक फिरवून पाहिलं आणि सायकल सरळ करून भिंतीला टेकवली. पाणी निवत गेलं. पाय बाहेर काढ म्हणून कुणीतरी सांगेल, याची वाट बघत घाटवीर तसाच बसून राहिला.