आत्या सही करत नाही

मागितली काय होती, तर एक सही. वहीच्या शेवटच्या पानावर 'मला समजले' असं लिहिलेलं, खाली एक रेघ, त्या रेघेवर नाव खरडायचं. वर्गातल्या बाकी सतरा मुलांच्या घरी हे काम चहा निवायच्या आत उरकलं होतं. पण भिंगरीच्या नशिबी आत्या होती.

आत्या शिवणकाम करायची. पुढे दुकान, मागे घर. भिंगरी तिच्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी नोकरीपायी लांब, म्हणून अकरावीला आत्याकडे ठेवलेली. एका जागी बसणं पोरीला ठाऊक नाही, म्हणून भिंगरी. डोकं तल्लख, म्हणून उच्च गणिताच्या वर्गात घेतली, आणि पहिल्याच चाचणीत पन्नासपैकी नऊ! दुसऱ्या चाचणीत वीसच्या खाली गेली तर वर्गातून नाव कमी होणार होतं. भावाने फोनवर सांगूनच टाकलं, "नाव कमी झालं की तिला इकडे घेऊन येतो, ताई. साधं गणित काय, इथेही शिकवतात." त्या दिवसापासून आत्याला घास गोड लागेना. पोरीची दिवसभराची कटकट हवीहवीशी वाटायला लागली होती, आता काय करता!

गणिताच्या बाईंचा नियम असा, की चाचणीआधी प्रत्येकाने धडा घरातल्या एखाद्या अडाण्याला शिकवायचा आणि त्याची सही आणायची. सही नाही तर पेपर नाही.

"आत्या, तू नुसती सही कर ना," भिंगरी म्हणाली.

"समजल्याशिवाय?"

"सगळ्यांच्या घरचे करतात."

"करू देत. मी शाळेत नऊ वर्षं 'समजलं बाई, समजलं बाई' म्हणून मान डोलावली आणि दहाव्या वर्षी घरी बसले. आता डोलावणार नाही. शिकव."

झालं! भिंगरीने शिकवायला घेतलं. "हे बघ, क्षचा वर्ग आहे ना? वरचे दोन खाली उतरवायचे, घात एकाने कमी करायचा. उत्तर दोन क्ष. हे विकलन."

"खाली का उतरवायचे? वर बसून त्यांना गरगरतं का?"

"नियम आहे, आत्या."

"कोणी केला?"

भिंगरीने पुस्तक चाळलं. पुस्तकात ते नव्हतं. म्हणजे होतं, पण ते पान तिने सोडून दिलं होतं, कारण त्यात चाचणीला येण्यासारखं काही दिसत नव्हतं.

मग ते पान वाचून आली. "वाकड्या रेघेला प्रत्येक टिंबापाशी एक दिशा असते. ती काढायची म्हणजे विकलन."

"टिंबाला दिशा? टिंब ते टिंब! त्याला तोंड कुठलं नि पाठ कुठली?"

हे असं आठ दिवस चाललं. सकाळी काजं करताना, दुपारी इस्त्री फिरवताना. आत्याचं डोकं त्या टिंबात असं अडकलं, की बँकेतल्या साहेबांच्या पँटचे दोन्ही पाय तिने एकमेकांना जोडून शिवले. साहेब पडद्यामागे टॉवेल गुंडाळून बसले होते, कारण पँट नुसती खालून दोन बोटं वर घ्यायची होती आणि ते थांबून नेणार होते.

"अहो, मला समजलं!" साहेब पडद्याआडून ओरडले. "मी करतो सही! माझी पँट द्या!"

"काय समजलं, सांगा बघू," आत्या म्हणाली.

पडद्याआडून नुसता हात बाहेर आला, पँटसाठी.

गुरुवारी संध्याकाळी भिंगरी रडकुंडीला आली. "उद्या पेपर आहे, आत्या! मला बाहेर उभी करतील. तुला मी नकोय का इथे?"

आत्याने मशीन थांबवलं. पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि परत लावलं. "हवी आहेस गं. पण खोटी सही करून ठेवून घेतलेली नकोस," ती म्हणाली. "उद्या मीच येते तुझ्या बाईंकडे."

शुक्रवारी आत्या गळ्यात टेप आणि खांद्याला पिशवी अडकवून वर्गाच्या दारात हजर. बाईंनी सतरा वह्या गोळा केल्या, सतरा सह्या बघितल्या, अठरावं पान कोरं.

"माझं डोकं जड आहे, बाई. पोरीचा दोष नाही," आत्या म्हणाली. "टिंबाला लांबी नाही, रुंदी नाही. मग दिशा कशी असेल, एवढंच अडलंय."

बाईंनी वर्गाकडे वळून विचारलं, "तुम्हा सगळ्यांच्या घरी समजलंय ना? सांगा यांना."

सतरा माना खाली. एकाच्या बुटाची नाडी सुटली, ती बांधायला त्याला बराच वेळ लागला.

भिंगरी मात्र आत्याकडे बघत होती. आठ दिवसांत या बाईने तिला इतक्या बाजूंनी पिडलं होतं, की कुठे अडतंय हे आता तिला नेमकं दिसत होतं. तिने आत्याच्या पिशवीतून कात्री ओढली, टेबलावरचा रद्दी कागद घेतला आणि बाहीचा मुंढा कापतात तसा गोल कापत गेली. मध्येच थांबली.

"आत्या, कात्रीचं तोंड आत्ता कुठे आहे?"

"खिडकीकडे."

"तिकडे कापलंय का?"

"छे, अजून कुठे!"

"पुढे कापलं नाही, थांबलीये एका टिंबावर. तरी तोंड आहेच की! आता हे टिंब आणि पुढचं एक टिंब जोडलं, की सरळ रेघ. पुढचं टिंब जवळ आण, आणखी जवळ. रेघ वळत वळत कुठे येतेय?"

"अगं बया!" आत्या एवढ्या मोठ्याने ओरडली, की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. "कात्रीच्या तोंडाशी येतेय की गं! अगं, मी तीस वर्षं हेच करतेय!"

मागच्या बाकावरून कोणीतरी "अच्छाऽऽ" म्हणालं, आणि मग सगळीकडून तेच ऐकू आलं. आत्याने पेन काढलं आणि ठसठशीत सही ठोकली. बाईंनी पेपर वाटले. भिंगरी जागेवर जाऊन बसली. आत्या मात्र दारातून हलेना. टेपचं टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, "बाई, एखादा जादा पेपर आहे का हो?"

सोमवारी निकाल लागला. संध्याकाळी भावाचा फोन आला.

"किती पडले?"

"एकतीस! राहतेय ती इथेच. बॅग भरायला येऊ नकोस."

"वा! बाकी काय?"

"आणि चार."

"चार कोणाला?"

"मला."

भाऊ हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"हस मेल्या, खुशाल हस," आत्या म्हणाली. "पन्नासपैकी चार. पण चारही मला समजलेले आहेत."